माननीय व्यवस्थापनाचा निवाडा

लुत्फी दमनहूरी यांना दोन नावं होती. एका नावाला शहरात कुणी विचारत नसे, आणि दुसरं नाव त्यांचं आहे हे शहरात कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिलं नाव अलेक्झांड्रियाच्या सीदी बिश्र भागातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पितळी पाटीवर कोरलेलं होतं: बाशमुहंदिस लुत्फी दमनहूरी, इमारतींचे अभियंता. शेजारी दातांच्या डॉक्टरची पाटी होती आणि ती दुप्पट मोठी होती, त्यामुळे गाल धरून आलेली माणसं आधी लुत्फींच्या दारात उभी राहत. ठेकेदार त्यांना उन्हात ताटकळत ठेवत. मालक लोकांना त्यांची आठवण फक्त सहीपुरती येई. बरं, बाशमुहंदिस म्हणजे मुख्य अभियंता म्हणून मान मिळावा, तर अलेक्झांड्रियात एसी दुरुस्त करणाराही बाशमुहंदिस, मोबाइलची काच बदलणाराही बाशमुहंदिस. एवढी वर्षं इमारती उभ्या करून लुत्फींना जी पदवी मिळाली होती, ती आता रस्त्यावर फुकट वाटली जात होती. याचं त्यांना फार वाईट वाटे, आणि ते ते कुणाला बोलूनही दाखवू शकत नसत.

दुसरं नाव होतं ‘व्यवस्थापन’.

इंटरनेटवर इंजिनिअरांची एक बैठक होती. तिचं नावच ‘बैठक’. दमिएत्तापासून मर्सा मत्रूहपर्यंतचे इंजिनिअर तिथे रोज जमत, प्रश्न विचारत, भांडत आणि एकमेकांची अक्कल काढत. ज्याने ती सुरू केली होती तो नोकरीसाठी दम्मामला गेला आणि जाताना किल्ल्या लुत्फींच्या हाती देऊन गेला. लुत्फींनी आपल्या नावाने कारभार सुरू केला असता तर दुसऱ्याच दिवशी बंड झालं असतं. म्हणून त्यांनी नाव ठेवलं ‘व्यवस्थापन’, चित्र लावलं कंपासपेटीतल्या कर्कटकाचं, आणि बोलायला लागले ते थेट सुलतानाच्या थाटात.

काय आश्चर्य, लोक ऐकू लागले. लुत्फी दमनहूरी या नावाने त्यांनी बीमच्या गणिताविषयी एखादा अभ्यासपूर्ण लेख टाकला तर त्याला दोन अंगठे पडत, त्यातला एक मेहुण्याचा. व्यवस्थापनाने नुसतं ‘सुप्रभात’ लिहिलं की शेकड्यांनी फुलं येत. व्यवस्थापन कोण असावं यावर वाद झडत. कुणी म्हणे विद्यापीठातला निवृत्त प्राध्यापक, कुणी म्हणे लष्करातला मोठा अधिकारी. एकदा तर बांधकामावर मुअल्लिम गाबर या ठेकेदाराने लुत्फींनाच दटावलं होतं की बाशा, तुम्ही व्यवस्थापनाचं वाचत जा जरा, माणूस शहाणा आहे. त्या दिवशी लुत्फी घरी जाताना ट्रॅममध्ये गाणं गुणगुणत होते.

बैठकीत सभ्यता असावी म्हणून व्यवस्थापनाने एक आदरसंहिता लिहिली होती. तिचा परिणाम एवढाच झाला की शिव्या देण्याआधी लोक ‘पूर्ण आदर राखून’ असं लिहू लागले. तांताचे बाशमुहंदिस तोहामी यांनी तर या कामात हातखंडा मिळवला होता. पूर्ण आदर राखून ते माणसाची पदवी काढत, पूर्ण आदर राखून त्याच्या खानदानाचा उद्धार करत, आणि संहितेच्या कुठल्याच कलमात सापडत नसत.

संहितेत एक कलम मात्र खरोखर कामाचं होतं. ज्याला आपल्या नावाने प्रश्न विचारायची लाज वाटते, त्याने नाव झाकून विचारावा. इतरांना तिथे फक्त ‘अनामिक सदस्य’ दिसेल. अनामिकाचं नाव जो फोडेल त्याला सबब न ऐकता बैठकीबाहेर काढलं जाईल. हे कलम लुत्फींनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. कोपऱ्यातली एक खूण दाबली की व्यवस्थापनाला अनामिकाचं खरं नाव दिसतं, ही गोष्ट मात्र त्यांनी कुठल्याच अक्षरांत लिहिली नव्हती.

तरी ते निःपक्षपाती होते. आधी निकाल द्यायचा आणि मगच नाव बघायचं, असा त्यांचा नेम होता. जेवणानंतरच्या गोड बसबुसासारखी ती गंमत ते शेवटाला राखून ठेवत. त्या खुणेमुळे त्यांना कळलं होतं की बँकेची इमारत बांधणाऱ्या प्रसिद्ध फवाझसाहेबांना जिन्याच्या पायऱ्या मोजता येत नाहीत आणि खुद्द तोहामी महाराज पायाच्या खोलीबद्दल नाव झाकून विचारतात. फवाझसाहेब एखाद्या समारंभात भेटले आणि नुसती दोन बोटं पुढे करून हात मिळवला, तरी लुत्फी मनात हसत.

त्या बुधवारी दुपारी लुत्फींनी आतल्या खोलीत बसून तळलेली मासळी खाल्ली, हात धुतले, चहा मागवला आणि व्यवस्थापन झाले. बाहेरच्या खोलीत हाजर होती. हाजर अब्दुलमुईन ही त्यांच्या कार्यालयातली एकुलती एक इंजिनिअर. नकाशे ती काढी, बांधकामावर ती जाई, कुठे कधी काँक्रीट पडणार हे ती पाही, आणि लुत्फी सही करत. मधली भिंत इतकी पातळ होती की तिने खोकलं तरी आत ऐकू येई.

बैठकीत एक नवा अनामिक प्रश्न येऊन पडला होता.

‘आदरणीय बैठकीला सलाम. एका छोट्या कार्यालयात नोकरी आहे. आमच्या वरिष्ठांनी एका इमारतीचा नकाशा बदलला. मालकाला समुद्र दिसायला हवा होता, म्हणून पुढची भिंत आणि तिच्याखालचा बीम काढून टाकला. जी खोली होती ती आता बाल्कनी झाली. पण सळ्या खोलीच्या हिशेबाने होत्या तशाच खाली राहिल्या. उद्या सकाळी काँक्रीट आहे. वरिष्ठ मनाने वाईट नाहीत. पण चूक दाखवली की त्यांचे कान लाल होतात आणि मग ते बरेच दिवस बंद दाराआडून बोलतात. मागच्या वेळी ज्याने चूक दाखवली तो आता फरशांच्या दुकानात आहे. नोकरी जायला नको आणि बाल्कनीही पडायला नको. कसं सांगावं?’

लुत्फी खो खो हसले. चूक तर शाळकरी पोराने पकडावी अशी होती. दोन्ही टोकांना टेकवलेली फळी मधोमध खाली वाकते, म्हणून खोलीच्या स्लॅबला सळ्या खालून लागतात. बाल्कनी एकाच बाजूने भिंतीला धरलेली असते आणि पुढून लोंबते. तिची पाठ ताणली जाते, म्हणून सळ्या वरून लागतात. खाली ठेवल्या तर ती बाल्कनी राहत नाही, नुसता अपघाताचा मुहूर्त ठरायचा राहतो. हा कान लाल होणारा महाभाग मंदरा भागातला इंजिनिअर शुक्री असणार, याबद्दल लुत्फींना तिळमात्र शंका नव्हती. समुद्रासाठी भिंती पाडून घेणारे मालक काय, अलेक्झांड्रियात घरोघरी होते.

खाली प्रतिक्रियांचा पूर आला होता. तोहामींनी लिहिलं होतं, ‘पूर्ण आदर राखून विचारतो, या गाढवाला पदवी कुणी दिली?’ व्यवस्थापनाने त्यावर बदाम ठेवला. मग बाह्या सावरल्या आणि निवाडा लिहिला.

‘तरुण सहकाऱ्यास. आदर म्हणजे गप्प बसणं नव्हे. आजच्या आज वरिष्ठांसमोर उभं राहावं. नजर खाली नको. म्हणावं, तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं, म्हणूनच हे तुम्हाला सांगायची हिंमत झाली. मग नकाशा उघडून चुकीवर बोट ठेवावं आणि गप्प राहावं. बोटाला बोलू द्यावं. एवढ्यावर जो वरिष्ठ चिडेल, त्याची पाटी उतरवून त्या जागी कांदे-बटाटेवाल्याची लावावी. आणि चिडलाच, तर सांगावं की मला व्यवस्थापनाने पाठवलंय.’

अंगठे, बदाम आणि टाळ्या पडू लागल्या. कुणी लिहिलं की असे वरिष्ठ आम्हाला का मिळाले नाहीत. कुणी व्यवस्थापनाच्या हाताचं चुंबन घ्यायची इच्छा व्यक्त केली. लुत्फींनी चहाचा घोट घेतला, खुर्चीत मागे रेलले आणि कोपऱ्यातली खूण दाबली.

हाजर अब्दुलमुईन.

त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. छोटं कार्यालय. समुद्र. म्हणजे शहरातल्याच मियामी भागातली हाजी बर्दिसींची इमारत. फरशांच्या दुकानातला म्हणजे हुसामुद्दीन, आणि तो तर स्वतःहून गेला होता, निदान लुत्फी तसं समजत होते. त्यांनी कानाला हात लावून पाहिला. कान गरम होता.

आता खरं तर त्यांनी नकाशा काढून बघायला हवा होता. मनात ते आलंही. पण त्याआधी मनात आलं की लोकांनी आपल्याला गाढव म्हटलंय आणि आपण त्यावर बदाम ठेवलाय. प्रश्न पुसून टाकावा, तर व्यवस्थापनाने आजवर एकही प्रश्न पुसला नव्हता, गवगवा झाला असता. म्हणून त्यांनी शहाणपणा केला. व्यवस्थापनाचा झगा उतरवला आणि आपल्या पहिल्या नावाने बैठकीत शिरून लिहिलं, ‘सहकाऱ्यांनो, इतकी घाई बरी नाही. वरिष्ठांचाही काही विचार असू शकतो. नव्या मुलांना सगळंच कुठे समजतं? प्रश्नकर्त्याने एक-दोन दिवस शांत राहावं. लुत्फी दमनहूरी, अभियंता.’

लोक तुटून पडले. ‘पूर्ण आदर राखून,’ तोहामींनी लिहिलं, ‘बाल्कनीच्या सळ्या खाली ठेवण्यामागचा विचार बाशमुहंदिस लुत्फींनी आम्हालाही समजावावा, म्हणजे आम्ही नातवंडांना सांगू.’ कुणी विचारलं, हे लुत्फी कोण? कुणी उत्तर दिलं, ते दातांच्या डॉक्टरशेजारी बसतात ते, मी एकदा चुकून त्यांच्याकडे दाढ दाखवायला गेलो होतो. कुणी म्हणालं, उद्या काँक्रीट पडणार आहे आणि हा माणूस दोन दिवस थांबायला सांगतोय, याला आवरा. आणि मग व्यवस्थापनाकडे तक्रारी येऊ लागल्या. व्यवस्थापन गप्प का? आदरसंहिता फक्त गरिबांसाठी आहे का?

लुत्फी घामाघूम झाले. अखेर त्यांनी पुन्हा झगा चढवला आणि लिहिलं, ‘बाशमुहंदिस लुत्फी यांना सक्त ताकीद देण्यात येत आहे.’ त्या ताकिदीला जितके अंगठे पडले तितके लुत्फींच्या नावाला जन्मात मिळाले नव्हते. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना त्याचाही थोडा आनंद झाला, आणि मग स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात बाहेर खुर्ची सरकली आणि दारावर टकटक झाली.

हाजर आत आली. हातात मियामीच्या इमारतीचा नकाशा गुंडाळलेला होता. ती टेबलासमोर ताठ उभी राहिली, नजर खाली घातली नाही आणि म्हणाली, “बाशमुहंदिस, तुमच्याकडून मला खूप शिकायला मिळालं.”

पुढचं वाक्य तिला आठवेना. लुत्फींना ते तोंडपाठ होतं. मुलगी अडखळताना पाहून त्यांच्या ओठांवर शब्द आले आणि त्यांनी ते मोठ्या कष्टाने गिळले.

“म्हणूनच,” हाजर म्हणाली, “हे तुम्हाला सांगायची हिंमत झाली.”

तिने नकाशा उलगडला, बाल्कनीवर बोट ठेवलं आणि गप्प राहिली. बोटाला बोलू द्यावं, असा सल्ला देणं सोपं होतं. त्या बोटासमोर बसणं फार कठीण होतं, हे लुत्फींना त्या क्षणी कळलं.

“हे असं बोलायला तुला कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा चढला.

“बैठक म्हणून एक आहे. तिथे मी नाव न लावता विचारलं. तिथल्या व्यवस्थापनाने सांगितलं की आजच्या आज जाऊन बोल. ते वाचलं आणि पुढचं काही न बघता उठले.”

“आणि मी चिडलो तर?”

“तर सांग म्हणाले, मला व्यवस्थापनाने पाठवलंय.”

“आणखी काय म्हणाले?”

“कांदे-बटाट्यांचं काहीतरी होतं,” हाजर म्हणाली. “ते मी सांगणार नाही.”

लुत्फींनी चष्मा काढला, पुन्हा लावला. तिचं बोट जिथे होतं तिथे त्यांनी पाहिलं. सळ्या खाली होत्या. त्यांच्याच हस्ताक्षरात, त्यांच्याच सहीखाली. मालकाने फोनवर घाई केली होती, यांनी पुढची भिंत खोडली, बीम खोडला आणि नकाशा तसाच पुढे सरकवला. हाजी बर्दिसींच्या त्या बाल्कनीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळं घर बसणार होतं. खुर्च्या मांडल्या जाणार, कलिंगडाच्या बिया सोलल्या जाणार, लहान नात कठड्याला लटकून खालच्या कणीसवाल्याला हाक मारणार. लुत्फींना भीती वाटली. ही इज्जतीची भीती नव्हती.

“गाबरला फोन लाव,” ते म्हणाले.

हाजरने फोन लावला आणि त्यांच्याकडे पाहिलं. “काय कारण सांगू? पंपाची गाडी सकाळी येणार आहे. तो ऐकणार नाही.”

कारणं पुष्कळ होती. सळ्या निकृष्ट आल्या म्हणता आलं असतं, मालकाने पुन्हा विचार बदलला म्हणता आलं असतं. हाजरने मोजताना गडबड केली असंही म्हणता आलं असतं, आणि गाबरने ते सगळ्यात लवकर मानलं असतं. लुत्फींनी फोन तिच्या हातातून घेतला. पलीकडून गाबर आधी वल्लाही म्हणत शपथांवर उतरला, मग पंपवाल्याला काय तोंड दाखवू म्हणाला, आणि शेवटी त्याने विचारलं की चूक नक्की कुणाची आहे.

“माझी,” लुत्फी म्हणाले.

गाबरने उभ्या आयुष्यात कुठल्या इंजिनिअरच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. तो म्हणाला, “ठीक आहे बाशा, सळ्या उचलून वर बांधतो. तुम्ही बरे आहात ना?”

हाजरने नकाशा गुंडाळला. दारापाशी ती थांबली. व्यवस्थापनाचे आभार मानायला हवेत, असं म्हणाली. त्या माणसाने कधी नाव सांगितलं नाही, पण तो बोलतो तेव्हा आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे असं वाटतं, असंही म्हणाली. लुत्फी हं म्हणाले. या व्यवस्थापनाचा त्यांना प्रथमच हेवा वाटला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बैठक काही विसरत नाही. शुक्रवारच्या सुट्टीत लोकांना कामं नसतात, आणि मशिदीतून येऊन, जेवून, लोळत पडून त्यांना आठवलं की त्या लुत्फी दमनहूरीने अजून माफी मागितलेली नाही. तोहामींनी पूर्ण आदर राखून त्याची आठवण दिली. दुपारपर्यंत लुत्फींच्या पाटीचा फोटो बैठकीत फिरत होता.

शनिवारी लुत्फींनी हाजरला घरी फोन केला. आपण त्या बैठकीत आपल्या नावाने सगळं खरं लिहिणार आहोत, म्हणाले. पण आपल्या कार्यालयात तू एकटीच आहेस, त्यामुळे अनामिक कोण हेही उघड होईल.

“लिहा की,” हाजर म्हणाली. “माझं नावही लिहा. इथून तिथून सगळे तावातावाने बोलतात, पण नाव कुणी लावत नाही.”

लुत्फींनी लिहिलं. मोजून चार ओळी. तो वरिष्ठ मी आहे. सळ्या खाली ठेवल्या त्या मी. चूक पकडली ती अभियंता हाजर अब्दुलमुईन हिने. तिला गप्प राहायला सांगितलं याची मला लाज वाटते. लिहून झालं तेव्हा त्यांना फार हलकं वाटत होतं. माणसं काय म्हणतील याचा त्यांनी थोडा अंदाजही बांधला होता, आणि तो अंदाज बऱ्यापैकी गोड होता.

माणसं म्हणाली, नाव फोडलं!

अनामिकाचं नाव फोडलं, ठळक अक्षरांतलं कलम मोडलं, संहितेला काळिमा फासला. तिची संमती होती असं लुत्फींनी खाली लिहिलं, तर लोक म्हणाले, वरिष्ठाने मागितलेल्या संमतीला काय अर्थ? तोहामींनी लिहिलं, ‘पूर्ण आदर राखून, खरा चुकलेला इंजिनिअर कधी कबूल करत नसतो. हे गृहस्थ प्रसिद्धीसाठी दुसऱ्याची चूक चोरत आहेत.’ बाल्कनीचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. हाजरने तर व्यवस्थापनाला खासगीत कळवलं होतं की नाव माझ्याच सांगण्यावरून लिहिलंय, त्यांना काही करू नका. तो निरोप लुत्फींनी वाचला होता. त्यावर ते निर्णय देणारच होते. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, ‘व्यवस्थापन याला अजून काढत कसं नाही? हा लुत्फी व्यवस्थापनाचा कोण लागतो?’

त्या एका प्रश्नाने लुत्फींचं अवसान गळालं. आज म्हणतात कोण लागतो, उद्या म्हणतील तोच तर नाही? मग त्या सुप्रभातींचं काय, त्या फुलांचं काय, ज्यांच्या झाकलेल्या नावांवर आपण रोज दुपारी हसलो त्या फवाझांचं आणि तोहामींचं काय? गाबरसमोर ज्या माणसाने एका शब्दात चूक पत्करली होती, तो आता आपल्याच खुर्चीला घट्ट धरून बसला. त्याने कलम वाचलं. सबब न ऐकता. अक्षरं त्याचीच होती. त्याने बटण दाबलं आणि लुत्फी दमनहूरी यांना बैठकीबाहेर काढलं. खाली लिहिलं की नियम सर्वांना सारखा. व्यवस्थापनाच्या न्यायबुद्धीचा एवढा जयजयकार झाला की फोन तापला.

रविवारी सकाळी हाजर आली ती धुमसत. पर्स टेबलावर आपटली, चहाला नको म्हणाली. लुत्फी आतल्या खोलीतून ऐकत होते. ती आत आली आणि दारातूनच बोलली.

“तुम्हाला काढलं त्यांनी.”

“हो. कळलं मला.”

“मी स्वतः लिहिलं होतं त्यांना. दोन ओळी वाचायचेही कष्ट घेतले नाहीत.”

“वाचल्या असतील,” लुत्फी म्हणाले. “त्यांनाही काही अडचण असेल, पोरी.”

“कसली अडचण? तुम्ही त्यांची बाजू नका घेऊ. तुमचं नाव अख्ख्या शहरात बदनाम झालं, तुम्हाला काय काय बोलले लोक, तरी तुम्ही नाव लावून उभे राहिलात. आणि तो माणूस एक चित्र लावून बसलाय.” “मी आजच सोडतेय ती बैठक. पण आधी त्याला एक पत्र लिहिणार आहे.”

ती बाहेर गेली. भिंतीपलीकडे टाइप करण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. लुत्फींनी समोरचा नकाशा सरळ केला, पेन्सिल टोकदार केली आणि एकही रेघ ओढली नाही. मग फोन हलला. पत्र व्यवस्थापनाला होतं.

‘माननीय व्यवस्थापन, पूर्ण आदर राखून लिहिते. ज्या माणसाने नाव लावून चूक कबूल केली, त्याला तुम्ही नाव न लावता बाहेर काढलंत. त्या दिवशी तुमचे शब्द घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले होते. मला वाटायचं, तुमच्यासारखा वरिष्ठ मिळायला हवा होता. आता मला माझाच बरा वाटतो. ते ऐकून घेतात, तुम्ही नुसतं सांगता. तुम्ही भित्रे आहात. उत्तराची अपेक्षा नाही. हाजर अब्दुलमुईन, अभियंता.’

लुत्फींनी पत्र वाचलं आणि पुन्हा वाचलं. इतकं कौतुक त्यांचं आजवर कुणी केलं नव्हतं, आणि इतकी सणसणीत कानाखालीही कुणी वाजवली नव्हती. दोन्ही एकाच हाताने. आनंदाने आणि लाजेने त्यांचे डोळे एकदमच भरून आले. वर बैठकीत नवी फुलं पडत होती. तोहामींनी व्यवस्थापनाचा जाहीर सत्कार करण्याची सूचना मांडली होती.

त्यांनी पत्राखाली लिहिलं, ‘खरं आहे.’ नेहमीप्रमाणे त्याखाली आपोआप आलं, व्यवस्थापन. त्यांनी ते खोडलं. मग त्यांनी तिथे लिहिलं, लुत्फी दमनहूरी, आणि पाठवून दिलं.

भिंतीपलीकडे हाजरचा फोन वाजला. ती आत येते की नाही याची वाट न बघता लुत्फी उठले आणि बाहेरच्या खोलीत गेले.